धूर, खिडकी आणि पंचवीस फूट

उघड्यावर ओढलेल्या बिडी-सिगारेटचा धूर विरायला जागा लागते. ती मिळाली नाही आणि वाटेत एखादी खिडकी, झरोका किंवा कूलर आला, तर तोच धूर खोलीत शिरतो. बाहेर सिगारेट विझली की आजूबाजूची हवा जवळजवळ लगेच निवळते. खोलीत शिरलेला धूर मात्र बराच वेळ टिकतो आणि त्याचा काही अंश पडद्यांत, गाद्यांत, कपड्यांत मुरतो. त्यामुळे धूम्रपानासाठी बाहेरची जागा ठरवताना ओढणारा माणूस कुठे उभा राहणार, एवढेच पाहून भागत नाही. इमारत हवा कुठून आत घेते, हे आधी पाहावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर ऋतूप्रमाणे बदलते आणि उन्हाळ्यात ते बहुतेक ठिकाणी एकच असते: कूलर.

तंबाखूच्या धुरात सुमारे ७,००० रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. दुसऱ्याच्या धुराने मोठ्या माणसांत हृदयविकार, पक्षाघात आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा धोका वाढतो. लहान मुलांत दमा बळावतो, कान फुटण्याचे आणि छातीचे आजार वाढतात. या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची ठाम भूमिका आहे. दुसरीकडे, २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आहेत. आपल्याकडे तंबाखूचा मोठा भाग खर्रा, गुटखा, मळलेली तंबाखू अशा रूपांत तोंडात जातो. म्हणजे शंभरातल्या चौघांसाठी जागा शोधायची आहे आणि उरलेल्या शहाण्णवांची हवा राखायची आहे. हे काम अवघड नाही, खर्चाचे तर नाहीच. ते होत नाही, कारण कोणी फीत घेऊन मोजत नाही.

आधी कायदा

जागा कुठे असावी हे ठरवण्यापूर्वी ती असू शकते का, हे तपासावे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शैक्षणिक संस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, सभागृहे आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानाला मनाई केली. पुढे २००३ चा सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा आला आणि त्याखालचे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. कायद्याने ‘मोकळी जागा’ बंदीतून वगळली असली, तरी नियमांनी तिचा अर्थ आवळला: लोकांचा वावर असलेले खुले प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बस थांबा अशी ठिकाणे उघडी असली तरी मोकळी जागा ठरत नाहीत. बसस्थानकाच्या फलाटावर छप्पर आहे की नाही, हा युक्तिवाद त्यामुळे संपतो. कामाची जागाही बंदीत येते.

धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा कायद्याने फक्त तिघांना दिली आहे: किमान ३० खोल्यांचे हॉटेल, किमान ३० आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ. ही जागा म्हणजे चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती असलेली स्वतंत्र खोली हवी. तिचे दार आपोआप बंद होणारे, आतल्या हवेचा दाब उरलेल्या इमारतीपेक्षा कमी आणि धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा, या अटी आहेत. ती प्रवेशद्वारावर किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर असू नये, हेही नियमात स्पष्ट आहे. या खोलीचा धूर बाहेर टाकणारा पंखा शेजारच्या खिडकीखाली उघडत असेल, तर एवढा सगळा खटाटोप वाया जातो. त्या पंख्याचे तोंडही बाहेरच्या धूम्रपान जागेसारखेच अंतरावर ठेवावे लागते.

शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये यांच्यासाठी अशी कोणतीही सवलत नाही. तिथे आवाराच्या आत ‘सोयीचा कोपरा’ नेमून देणे हा मार्गच नाही. शैक्षणिक संस्थेच्या हद्दीपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखूची विक्रीसुद्धा चालत नाही आणि ती हद्द रस्त्यावर पिवळ्या रेषेने दाखवण्याची सूचना शाळांना आहे. बाहेरच्या जागेचा विचार करायचा तो खासगी मोकळ्या जागांपुरता: गृहनिर्माण सोसायटीचे मागचे अंगण, ढाब्याच्या बाजूचे माळरान, मंगल कार्यालयाच्या लॉनपलीकडची पडीक पट्टी, कारखान्याच्या फाटकाबाहेरची जागा.

किती अंतर पुरते

भारतीय कायद्यात दारा-खिडक्यांपासूनच्या अंतराचा आकडा नाही. इतरत्र आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००५ मध्ये जनमताने केलेल्या कायद्यात दारे, उघडणाऱ्या खिडक्या आणि हवा घेणारे झरोके यांपासून २५ फुटांची अट घातली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हे अंतर ६ मीटर आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ४ मीटर. हरित इमारतींच्या मानांकनात २५ फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटर, हाच आकडा चालतो.

आकड्यांत फरक असला तरी त्यांमागे मोजमाप आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका सिगारेटचा धूर ओढणाऱ्याच्या अगदी जवळ, अर्ध्या मीटरच्या आसपास, बंद खोलीइतका दाट आढळला. दोन मीटरपलीकडे तो झपाट्याने कमी झाला. पण माणसे एकेकटी ओढत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत चौघे-पाचजण एकत्र उभे राहतात. संशोधक जेम्स रिपेस यांनी २००५ मध्ये बाल्टिमोरच्या विद्यापीठ परिसरात केलेल्या मोजणीत धुराची पातळी सुमारे ७ मीटरवर जाऊन नेहमीच्या हवेच्या बरोबरीला आली. २५ फुटांचा आकडा म्हणून वाजवी आहे. यवतमाळसाठीही किमान अंतर २५ फूट धरावे आणि जागा असेल तिथे ते वाढवावे. लहान मुले, गर्भवती, दम्याचे किंवा छातीचे रुग्ण राहतात त्या बाजूला ५० फूट ठेवले तरी ते जास्त होत नाही.

प्रौढ माणसाची साधारण १० पावले म्हणजे २५ फूट. अंदाजासाठी पावले ठीक; पण पाटी रोवण्यापूर्वी फितीनेच मोजावे.

कूलर: उन्हाळ्यातले खरे दार

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांजवळ जातो. घरांना, दवाखान्यांना, बँकांना, हॉटेलांना खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर लागतात. हे यंत्र बाहेरची हवा आपल्या तीन बाजूंच्या ओल्या गवतातून किंवा वाळ्याच्या ताटीतून ओढते आणि आत फेकते. बाहेरची हवा आत आणणे हेच त्याचे काम आहे. मध्यम आकाराचा कूलर ताशी दोन हजार घनमीटर हवा सहज आत लोटतो. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली सुमारे ४१ घनमीटरची असते. म्हणजे सव्वा मिनिटात खोलीतली सगळी हवा बदलण्याइतकी हवा त्या तीन जाळ्यांतून येते. जाळीजवळ कोणी बिडी पेटवली, तर तिचा धूर खोलीत पोहोचायला मिनिटही लागत नाही.

ओल्या गवतातून हवा गाळून येते, ही समजूत जिल्हाभर आहे आणि ती चुकीची आहे. ताटीत धूळ, काड्या, कापसाचे तंतू अडकतात. तंबाखूच्या धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते हवेबरोबर सरळ आत जातात. वायूंना तर अडवणारे काहीच नसते. गवत बदलल्याने, पाण्यात सुगंधी अर्क टाकल्याने धूर कमी होत नाही. वास झाकला जातो, एवढेच.

दुसरी अडचण माणसांच्या सवयीची आहे. दुपारी कूलरच्या आसपास सावली असते, गळणाऱ्या पाण्याने जमीन ओली असते, गारवा असतो. बाहेर थांबलेला माणूस नेमका तिथेच उभा राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात अंतर मोजायचे ते खिडकीच्या चौकटीपासून नव्हे, तर कूलरच्या सर्वांत बाहेर आलेल्या जाळीपासून. स्टँड दोन-अडीच फूट पुढे आला असेल, तर हद्दही तेवढीच पुढे सरकते. आणि ओढणाऱ्याला दूर पाठवायचे असेल, तर दूरच्या जागेवर सावली असलीच पाहिजे. ४५ अंशांच्या उन्हात उघड्या माळावर खुणेचा दगड रोवून कोणी तिथे जाणार नाही. कडुनिंबाचे झाड आधीपासून असेल, तर त्याच्याखालची जागा पहिल्यांदा तपासावी.

कूलर चालू असताना खोलीत हवेचा दाब वाढतो आणि समोरच्या उघड्या खिडकीतून हवा बाहेर जाते. अशा वेळी समोरच्या खिडकीबाहेरचा धूर सहसा आत येत नाही. पण वीज गेली की हा प्रवाह थांबतो आणि तीच खिडकी हवा आत घेऊ लागते. उन्हाळ्यात वीज जातेच. म्हणून ‘ही खिडकी हवा बाहेर टाकते’ या भरवशावर एकही खिडकी मोजणीतून वगळू नये.

वातानुकूलन यंत्राचे तसे नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. बाहेरचे यंत्र धूर आत आणत नाही. खिडकीत बसवलेल्या एसीभोवतीच्या फटी मात्र बुजवलेल्या असाव्यात.

इतर वाटा

हिवाळ्याची रात्र वेगळी. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमिनीलगतची हवा थंड आणि जड. धूर वर जाऊन पसरण्याऐवजी खालीच थरासारखा साचतो. खोली आतून उबदार असते, तिची गरम हवा वरच्या झरोक्यातून निसटते आणि तिच्या जागी दाराखालच्या फटीतून बाहेरची हवा ओढली जाते. दोन-तीन मजली इमारतीत जिना हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो: तळमजल्याच्या दाराशी ओढलेला धूर जिन्यातून वरच्या मजल्यांवर जातो. जिन्याखालची मोकळी जागा, लिफ्टचे दार, पार्किंगचे बंदिस्त छत ही ठिकाणे धूम्रपानाला सर्वांत वाईट. लोक पावसाळ्यात आणि थंडीत पसंत करतात तीही हीच.

धूर गरम असल्याने आधी वर चढतो. खालच्या माणसाच्या डोक्यावर पहिल्या मजल्याची खिडकी असेल, तर जमिनीवरचे अंतर मोजून उपयोग नाही. अंतर तिरपे, खिडकीपर्यंत मोजावे. गच्चीवर ओढणाऱ्याने जिन्याच्या खोलीचे दार, शेजारच्या उंच घराची खिडकी आणि गच्चीवर ठेवलेला कूलर हे तिन्ही पाहावे.

स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा फसवा असतो. तो स्वतः हवा बाहेर टाकतो. पण तेवढीच हवा घराला दुसरीकडून घ्यावी लागते आणि ती बहुधा पुढच्या दारातून येते. हॉटेलच्या मुदपाकखान्यात मोठा पंखा चालू असेल, तर पुढच्या दाराशी ओढलेली सिगारेट थेट जेवणाऱ्यांच्या टेबलांवरून मुदपाकखान्याकडे प्रवास करते.

तिन्ही किंवा चारही बाजूंनी बांधकाम असलेला चौक, दोन भिंतींमधली बोळ, कंपाउंडची उंच भिंत आणि इमारत यांच्यातली चिंचोळी पट्टी इथे वारा फिरतच नाही. २५ फूट मिळाले तरी या जागा नाकाराव्यात. आणि ‘वारा आपल्याकडून तिकडे वाहतो’ या हिशेबावर अंतर कमी करू नये. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून. इमारतीच्या कोपऱ्याशी तर तो दिवसातून अनेकदा फिरतो.

मोजणी कशी करावी

इमारतीभोवती एक फेरी मारून प्रत्येक उघडी जागा खडूने खुणावी: दारे, खिडक्या, झरोके, कूलर, कूलर काढल्यावर उरणारी चौकट, पंख्याची भोके, जिन्याच्या जाळ्या. मग २५ फूट सुतळी घ्यावी. तिचे एक टोक खुणेवर धरून दुसऱ्या टोकाने जमिनीवर चुन्याने कमान काढावी. सगळ्या कमानी काढून झाल्या की बाहेर जे उरते, ती शक्य जागा. शेजाऱ्याच्या खिडक्याही याच मोजणीत घ्याव्यात. आपल्या घराचा धूर कुंपणापलीकडे ढकलणे हा उपाय नव्हे.

उरलेल्या जागांपैकी कोणती निवडावी, हे उदबत्ती सांगते. निवडलेल्या ठिकाणी छातीच्या उंचीवर चार-पाच उदबत्त्या एकत्र पेटवाव्यात आणि दुसऱ्या माणसाने आत, सर्वांत जवळच्या कूलरसमोर आणि खिडकीपाशी आळीपाळीने उभे राहावे. हीच तपासणी सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर करावी. कूलर चालू ठेवून एकदा, बंद करून एकदा. आत वास आला की जागा रद्द. वास आला नाही म्हणजे धूर अजिबात येत नाही असे सिद्ध होत नाही, पण हवेचा कल कळतो. एवढ्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

ठिकाणपरत्वे

यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असो किंवा तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, झरी-जामणी, उमरखेड, महागावकडून आलेले नातेवाईक अनेक दिवस आवारात मुक्काम करतात. आवारात धूम्रपान नाही, हे त्यांना रुग्ण दाखल होतानाच शांतपणे सांगावे. ऑक्सिजनची टाकी किंवा सिलिंडरांची खोली असलेल्या बाजूला तर आगीचाच धोका असतो. रुग्णालयाच्या फाटकाबाहेरही वॉर्डच्या खिडक्या रस्त्यालगत असतील, तर पानटपरीजवळ जमणाऱ्यांना पुढे सरकायला सांगण्याचे काम सुरक्षारक्षकाकडे नेमून द्यावे. फलकावर फक्त मराठी पुरत नाही. जिल्ह्यात कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणारी माणसे आहेत. पाटणबोरीकडे तेलुगू चालते. अनेकांना वाचता येत नाही. चित्र मोठे असावे.

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पांढरकवड्याच्या अलीकडे-पलीकडे आणि कळंब-यवतमाळ-आर्णी-महागाव रस्त्यावर ढाबे आहेत. ढाब्यात खाटा उघड्यावर असतात, म्हणून सगळेच ‘बाहेर’ समजले जाते. पण जेवणाची जागा उघडी असली तरी तिथे लोक जेवतात, मुले बसतात, आणि उपाहारगृह हे सार्वजनिक ठिकाणच आहे. धूम्रपानाची जागा शेवटच्या खाटेपासून आणि मुदपाकखान्यापासून २५ फूट दूर ठेवावी. ट्रक उभे राहतात त्या बाजूला डिझेल सांडलेले असते. ती जागा टाळावी. गॅस सिलिंडरांच्या जवळ तर विचारही नको.

मंगल कार्यालयात एकाच वेळी शेकडो माणसे असतात आणि हॉलला दहा-बारा मोठे कूलर. सगळे बहुधा एकाच भिंतीला, आणि त्याच भिंतीमागे आचाऱ्यांचा तंबू, वाजंत्रीवाले आणि गाडीचालक यांची ऊठबस. ती भिंत ओळीने मोकळी ठेवावी. चालकांना बसायला दुसरीकडे सावली करून द्यावी.

जिनिंग कारखान्याचा नियम वेगळा आणि कडक. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागतो आणि आवारात कापसाच्या गंजी, सरकी, रुईच्या गाठी यांचे ढीग लागतात. एका ठिणगीने सगळे जाते. धुरासाठीचे २५ फूट आगीसाठी पुरत नाहीत, कारण ठिणगी वाऱ्याबरोबर कितीही लांब जाते. इथे काडेपेटी आणि लायटर फाटकावरच जमा करावेत आणि धूम्रपान फाटकाबाहेर, साठ्याच्या उलट बाजूला, वाळलेले गवत नसलेल्या जागी ठेवावे. गावातल्या घरांनाही हेच लागू: पऱ्हाट्यांचा आणि कुटाराचा ढीग जिथे, तिथे बिडी नाही.

जागेची मांडणी

छप्पर हवे, भिंती नकोत. निदान तीन बाजू उघड्या असाव्यात, नाहीतर धूर साचून ती खोलीच होते. पत्रा उंच ठेवावा. खाली वाळूने भरलेला लोखंडी डबा असावा. थोटके त्यातच विझवावीत. राखपात्र, काडेपेटी किंवा लायटर ठेवायची तर फक्त इथेच. बंदी असलेल्या जागेत अशा वस्तू पुरवायला नियमानेच मनाई आहे. दाराशी ठेवलेली राखेची कुंडी ‘इथे ओढा’ असेच सांगते. इथे चहा, पाणी, नाश्ता देऊ नये. मुलांची खेळायची जागा, पाण्याची टाकी, शौचालयाची रांग जवळ नसावी. तिथे जाणारी वाट खिडक्यांखालून जाऊ नये, कारण माणसे वाटेतच पेटवतात.

इमारतीच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर, प्रत्येक मजल्यावर, जिन्याशी आणि लिफ्टच्या दाराशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा धूम्रपान बंदीचा फलक हवा आणि त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव हवे. सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होतो. तक्रार येऊनही काही न करणारा मालक किंवा व्यवस्थापकही दंडाला पात्र ठरतो. फलकाखाली दूरच्या जागेकडे बाण दाखवावा. नुसत्या ‘नको’पेक्षा ‘तिकडे’ हे लोक लवकर ऐकतात. त्या दूरच्या जागेवर तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ ठळक लिहावा. सोडण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो तो ओढतानाच.

होळीनंतर कूलर पुन्हा बसतात. कधी जुन्या खिडकीत, कधी नव्या. ज्या दिवशी शेवटचा कूलर बसेल, त्याच दिवशी सुतळी घेऊन सगळी मोजणी परत करावी आणि हद्द बदलली असेल, तर बाण आणि डबा त्याच संध्याकाळी हलवावा.